चावी काढल्यावर कोण जागं राहणार?

गाडी घेतली की वर्षाच्या आत तिच्यात काहीतरी जादा बसतंच. डॅशकॅम, मागचा कॅमेरा, फॉग लॅम्प, मोठी म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर, नाहीतर मोबाइलचा चार्जर. ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात काम उरकतो, वस्तू चालू होते, पैसे देऊन आपण निघतो. तिला करंट नेमका कुठून घेतला, हे विचारायचं राहून जातं. मग कधी चार दिवस गावाला जाऊन आल्यावर सेल्फ मारला की नुसता टक-टक आवाज येतो, तर कधी डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्याचा वास येतो. बॅटरी उतरली तर त्रास होतो, पण आग लागली तर जिवावर बेततं. या दोन्हींना नंतर मारलेला एक चुकीचा जोड पुरेसा असतो.

म्हणून कोणतीही वायर सोलण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं ठरवून घ्या. चावी काढल्यावर या वस्तूला वीज हवी आहे का? आणि ही वायर वाटेत कुठे घासून बॉडीला टेकली, तर तिचा करंट तोडणारा फ्यूज कुठे आहे? काम स्वतः करा किंवा गॅरेजमध्ये करून घ्या, हे दोन प्रश्न चुकत नाहीत.

डायरेक्ट आणि चावीवरचा

गॅरेजच्या बोलीत गाडीतला करंट दोन प्रकारचा. ‘डायरेक्ट’ म्हणजे फ्यूजमधून थेट बॅटरीशी जोडलेला, चोवीस तास जिवंत. हॅझर्ड लाइट, हॉर्न, सेंट्रल लॉक, छताचा दिवा, घड्याळ ही मंडळी यावर चालतात. दुसरा चावीवरचा, म्हणजे इग्निशन स्विचमधून येणारा.

चावीच्या जागा चार: लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट. एसीसीवर रेडिओ आणि सिगरेट लायटरचं सॉकेट यांसारख्या गोष्टी चालतात. ऑनवर बाकीची गाडी जागी होते. स्टार्टला चावी फिरवली की स्टार्टर मोटर शंभराहून जास्त अँपिअर ओढते, म्हणून त्या क्षणापुरता एसीसीचा पुरवठा गाडी स्वतःच तोडते. सेल्फ मारताना रेडिओ बंद होऊन पुन्हा लागतो तो यामुळे. एसीसीवर जोडलेला डॅशकॅमही तसाच एकदा बंद होऊन सुरू होईल. हा दोष नाही. पुश बटणाच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबलं की एसीसी आणि दुसऱ्यांदा दाबलं की ऑन लागतं.

सॉकेट चावीवरचंच असेल असं गृहीत धरू नका. काही गाड्यांत ते डायरेक्ट असतं. काहींत चावी काढल्यावरही दार उघडेपर्यंत किंवा थोडा वेळ जिवंत राहतं. चार्जर लावा, गाडी बंद करून लॉक करा आणि पंधरा मिनिटांनी काचेतून पाहा. चार्जरचा दिवा चालू असेल तर ते सॉकेट रात्रभर बॅटरी पीत राहणार.

कुणाला कोणता करंट

मोबाइल चार्जर, मसाजरची गादी, हवा शुद्ध करणारं यंत्र यांचं उत्तर सरळ आहे: चावीवरचा. टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप मात्र १० ते १५ अँपिअर ओढू शकतो. तो चार्जरसाठी टाकलेल्या बारीक वायरीवर लावू नका. कंपनीच्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते पाहून तिथेच आणि इंजिन चालू ठेवून वापरा.

म्युझिक सिस्टिमला दोन्ही लागतात. बाजारात मिळणाऱ्या सेटमागे साधारणपणे पिवळी वायर डायरेक्टची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची असते. पिवळी घड्याळ, स्टेशनं आणि सेटिंग जपते आणि सेटला मुख्य करंटही देते. लाल फक्त ‘आता चालू हो’ एवढं सांगते. दोन्ही एकत्र पिळून डायरेक्टला जोडल्या, तर सेट आपोआप बंद होणार नाही. दोन्ही चावीवर घेतल्या, तर गाडी बंद केली की सेट सगळं विसरेल. या दोन तक्रारींपैकी एखादी तुमच्या गाडीत असेल, तर सेट बदलायच्या आधी या दोन वायरी तपासा.

अ‍ॅम्प्लिफायरला मोठा करंट लागतो. त्याची जाड केबल थेट बॅटरीवरून येते. पण तो जागा होतो सेटच्या निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरीमुळे. सेट बंद झाला की तोही झोपतो. ही वायर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर कायम चालू ठेवण्याची पळवाट कुणी सुचवली, तर साफ नकार द्या.

डॅशकॅमच्या हार्डवायर किटमध्ये तीन वायरी असतात: डायरेक्ट, एसीसी आणि अर्थ. एसीसीवरचा करंट गेला की कॅमेऱ्याला कळतं की गाडी उभी आहे, आणि तो पार्किंग मोडमध्ये जातो. डायरेक्ट आणि एसीसी दोन्ही वायरी डायरेक्टला जोडल्या, तर गाडी धावतेच आहे असं समजून तो रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करत राहतो. इथे रंगांवर विसंबू नका. म्युझिक सिस्टिममध्ये पिवळी डायरेक्टची असते, पण कितीतरी डॅशकॅम किटमध्ये पिवळी एसीसीची आणि लाल डायरेक्टची असते. वायरीवरची चिठ्ठी वाचा आणि मीटरने खात्री करा.

ट्रॅकरचं काम गाडी चोरीला गेल्यावर असतं, म्हणजे चावी नसतानाच. त्याला डायरेक्ट हवा. चांगल्या ट्रॅकरला स्वतःची छोटी बॅटरी असते आणि उभ्या गाडीत तो फारच कमी करंट घेतो. घेण्याआधी हा आकडा विचारा.

बॅटरीचा हिशोब

छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ एएचची (अँपिअर-अवर) असते. गाडीचे स्वतःचे कंट्रोल युनिट, अलार्म आणि घड्याळ मिळून उभ्या गाडीत २० ते ५० मिलीअँपिअर घेतात, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त १.२ एएच. एवढ्यावर गाडी दोन आठवडे निवांत उभी राहते. त्यात पार्किंग मोडमधला डॅशकॅम घाला. त्याने २५० मिलीअँपिअर घेतले, तर २४ तासांत ६ एएच गेले. तीन दिवसांत १८ एएच, म्हणजे निम्मी बॅटरी. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर तिची खरी ताकद ३५ एएच राहिलेलीच नसते.

म्हणून डॅशकॅमच्या किटमध्ये व्होल्टेज उतरलं की पुरवठा तोडणारी सोय असलीच पाहिजे. विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. किटवर ११.६, ११.८, १२, १२.२ असे पर्याय असतील, तर १२.२ निवडा. रेकॉर्डिंग काही तास कमी होईल, पण सकाळी गाडी चालू होईल आणि बॅटरीही लवकर मरणार नाही. शिसं-आम्लाची बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि मग ती पहिल्यासारखी भरत नाही. आठवडाभरासाठी बाहेर जाणार असाल तर पार्किंग मोड बंद करून जा.

फ्यूज वायरीसाठी असतो

‘फ्यूज उडतोय, मोठा टाका’ हा सल्ला गाडी जाळणारा आहे. फ्यूज वस्तू वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. गाडीची बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते. बारीक वायर बॉडीला टेकली आणि मध्ये फ्यूज नसला, तर ती वायर काही सेकंदांत तापून लाल होते आणि शेजारच्या वायरींचं आवरणही पेटवते.

म्हणून दोन नियम. पहिला, फ्यूज बॅटरीच्या जवळ, १५-२० सेंटिमीटरच्या आत. पाटाचं पाणी अडवायचं तर दार उगमाशी लागतं, शेताच्या टोकाला नाही. फ्यूज वस्तूजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी पडते. दुसरा, फ्यूज वस्तूच्या गरजेहून थोडा जास्त आणि वायरीच्या ताकदीहून कमी. डॅशकॅमला २ किंवा ३ अँपिअर पुरतो, बॉक्समध्ये १० मिळाला म्हणून १० लावू नका. किटवर फ्यूजचा आकडा दिलेला असेल तर तोच पाळा.

वायरीच्या जाडीचा ढोबळ आणि सुरक्षित अंदाज असा: ०.५ चौरस मिमीला ५ अँपिअर, १ ला १०, १.५ ला १५, २.५ ला २०. घरातल्या भिंतीत टाकायची कडक एकतारी वायर गाडीत कधीच नको. हादऱ्याने ती जोडापाशी तुटते. बहुतारी, ऑटो ग्रेडचीच घ्या. इंजिनच्या उष्णतेत साध्या आवरणाचा निभाव लागत नाही.

ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. गाडीत प्रत्येकी एक-दोन जादा ठेवा. फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा किंवा सिगरेटच्या पाकिटाची चांदी कधीही लावू नका.

फ्यूज टॅप लावण्याची नेमकी रीत

छोट्या वस्तूंना करंट घ्यायची सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे गाडीतला फ्यूज बॉक्स. वायर न कापता तिथून करंट घेण्यासाठी फ्यूज टॅप मिळतो. त्यात दोन फ्यूज बसतात, मूळचा आणि तुमच्या वस्तूचा. आपल्या गाडीत स्टँडर्ड, मिनी, लो-प्रोफाइल मिनी की मायक्रो फ्यूज आहेत ते आधी पाहा. चुकीच्या मापाचा टॅप दाबून बसवला की खाचेतले पत्रे फाकतात, आणि मग मूळचा फ्यूजही सैल राहतो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा पिन बॉडीच्या कोऱ्या बोल्टला टेकवा आणि लाल पिन फ्यूजच्या पाठीवर दिसणाऱ्या दोन छोट्या धातूच्या टोकांना. चावी काढून, दारं लावून काही मिनिटांनी १२ व्होल्ट दिसले तर जागा डायरेक्ट. चावी लावली की १२ आणि काढली की शून्य, तर चावीवरची.

आता फ्यूज काढा आणि खाचेतल्या कोणत्या बाजूला करंट येतो ते पाहा. टॅप उलटा बसवला तरी वस्तू चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण तेव्हा तुमच्या वस्तूचा करंट मूळच्या फ्यूजमधूनही जातो आणि त्याच्यावर दुहेरी भार पडतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. टॅपमध्ये फक्त नवा फ्यूज घाला, मूळचा घालू नका, आणि टॅप खाचेत बसवा. नव्या वायरीत करंट आला तर टॅप बरोबर. नाही आला तर काढून फिरवून बसवा. मग मूळचा फ्यूज त्याच्या जागी घाला.

टॅपसाठी फ्यूज निवडताना रेडिओ, सॉकेट, मागचा वायपर अशी बिनमहत्त्वाची जागा घ्या. एअरबॅग, एबीएस, स्टीअरिंग, इंजिन कंट्रोल आणि फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. तुमच्या चार्जरमुळे फ्यूज उडून हायवेवर इंजिन बंद पडलं, तर त्याची किंमत चार्जरएवढी राहत नाही.

मोठ्या भाराला रिले

५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर. हा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून किंवा कंपनीच्या हेडलाइटच्या वायरीतून नेला, तर स्विच वितळतो आणि हेडलाइटचा कपलर काळा पडतो. इथे रिले लागतो. छोटा करंट रिलेला उठवतो आणि मोठा करंट रिले स्वतः बॅटरीवरून पुढे सोडतो.

चार पिनांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून दिव्यांकडे. ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आलेला चावीवरचा करंट. ८५ ला अर्थ. ३० नंबरला करंट चोवीस तास असला, तरी ८६ चा करंट चावीसोबत जातो, त्यामुळे दिवे गाडी बंद करताना विसरले तरी विझतात. ८६ ला डायरेक्ट दिला तर हा सगळा फायदा गेला. रिलेची कॉइल साधारण १५० ते २०० मिलीअँपिअरच घेते, म्हणून स्विचची वायर बारीक चालते.

बॅटरीपासून दिव्यांपर्यंत ४ मीटर वायर लागली, तर १.५ चौरस मिमीच्या वायरीत ९-१० अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो आणि उजेड मंद पडतो. २.५ ची वायर घ्या, १५ अँपिअरचा फ्यूज लावा. आणि जादा दिवे लावताना समोरच्याच्या डोळ्यांचा विचार करा. डोळे दिपवणारे दिवे आरटीओच्या कारवाईला आमंत्रण देतात, आणि घाटात समोरच्याचा जीवही घेऊ शकतात.

अर्थ, जोड आणि वायरीचा रस्ता

अर्थ सैल असेल तर वस्तू कधी चालते, कधी नाही, आणि दोष शोधण्यात दिवस जातो. बॉडीचा घट्ट बोल्ट निवडा, रंग खरवडून कोरा पत्रा काढा, वायरीला रिंग लग दाबून बसवा आणि वर थोडं ग्रीस लावा. कोकणपट्टीत तर हे कराच, नाहीतर पावसाळ्यात गंज चढतो. सीटबेल्टचा किंवा एअरबॅग युनिटचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. त्याच्यापलीकडे, थेट टर्मिनलवर अर्थ घेतला तर गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो. अर्थ बॉडीवरच घ्या.

वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड गाडीत टिकत नाही. उन्हात उभ्या गाडीत टेपचा डिंक पाघळतो आणि तांब्याची टोकं उघडी पडतात. क्रिम्पिंगच्या पकडीने दाबलेला कनेक्टर आणि वर श्रिंक स्लीव्ह हवी. बाजारात गाडीनिहाय ‘कपलर टू कपलर’ हार्नेस मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या. कंपनीची वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा वादही टळतो.

इंजिनकडून आत येणारी वायर पत्र्याच्या उघड्या भोकातून ओढू नका. रबरी ग्रोमेट हवंच. ग्रोमेटच्या बाहेर वायरीला खाली झुकलेला वळसा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न शिरता तिथेच गळून पडतं. बाहेरच्या वायरींना नालीदार पाइप घाला. सायलेन्सरची नळी, पंखा आणि स्टीअरिंगचे फिरते भाग यांपासून वायर दूर ठेवा. पावसाळ्यात आडोशाला उंदीर इंजिनमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा.

डॅशकॅमची वायर काचेच्या कडेच्या खांबातून खाली आणताना थांबा. त्या खांबावर एअरबॅगची खूण असेल, तर वायर एअरबॅगच्या मागून जायला हवी, पुढून कधीच नाही. पुढून गेलेली वायर एअरबॅग फुटताना अडथळा होते, किंवा फटक्यासरशी अंगावर येते. पिवळे कपलर आणि पिवळ्या आवरणाच्या वायरी साधारणपणे एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्पही लावू नका. इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबल तर उच्च दाबाच्या. तिथे १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, काम तिच्यावरच करायचं.

दुचाकीवाल्यांसाठी

दुचाकीत हाच हिशोब अधिक कडक होतो. छोट्या स्कूटरची बॅटरी साधारण ४-५ एएचची. तिच्यावर २० मिलीअँपिअरचा ट्रॅकर लावला, तरी चार दिवसांत जवळपास २ एएच जातात. मोबाइल चार्जर चावीवरच घ्या, मग तो कितीही छोटा असो. जादा दिवे आणि मोठा हॉर्न रिलेवरून, आणि फ्यूज बॅटरीच्या शेजारी. हँडल वळताना वायर ताणली जाते, म्हणून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मगच टाय घट्ट करा.

काम सुरू करताना आणि संपल्यावर

कामाआधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा.

काम झाल्यावर मल्टिमीटर १० अँपिअरवर लावून मायनस टर्मिनल आणि त्याची केबल यांच्या मध्ये जोडा. दारं लॉक स्थितीत ठेवा, चावी लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीचे कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आकडा ५० मिलीअँपिअरच्या आसपास आला तर ठीक. आकडा जास्त असेल आणि नव्या वस्तूचा फ्यूज काढल्यावर खूप उतरला, तर गळती कुठे आहे ते कळलं.

गॅरेजमध्ये काम करून घेत असाल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी दाखवायला सांगा: करंट कुठून घेतला, फ्यूज कुठे आहे आणि किती अँपिअरचा, आणि अर्थ कोणत्या बोल्टला दिला. चांगला कारागीर हे आनंदाने दाखवतो. ही माहिती एका कागदावर लिहून सर्व्हिस बुकमध्ये ठेवा. रात्री रस्त्यात काही बंद पडलं, तर मदतीला आलेल्या माणसाला त्या कागदावरून फ्यूज लगेच सापडेल. तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर गोलमोल मिळालं, तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि तो जोड तुमच्या समोर पुन्हा करून घ्या.